गोंधळाची पार्टी आवाहनावरून पारखावी

लग्नानंतरचा गोंधळ ठरवताना लोक पार्टीचा नाचतानाचा व्हिडिओ मागवतात, मुरळी कशी फिरते ते बघतात, साऊंड किती मोठा आहे ते विचारतात आणि सुपारी देऊन मोकळे होतात. पार्टी जाणकार आहे की नुसती दणदणीत, हे यातल्या कशावरूनही कळत नाही. ते कळतं गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं स्तवन, संपल्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत. नाईक, म्हणजे मुख्य गाणारा, ‘तुळजापूरची भवानी आई, गोंधळाला ये’ अशी ओळ उचलतो, साथीदार ‘गोंधळाला ये’ची झील धरतात, म्हणजे मागून तीच ओळ म्हणतात, आणि देवांना बोलावणं सुरू होतं. हे आवाहन किती वेळ चाललं, त्यात कोणाची नावं आली आणि कोणाची गाळली, यावर उरलेल्या रात्रीची प्रत ठरते. म्हणून इथे आधी गुण द्यायचे ते आवाहनाला. बाकी सगळं त्याच्या मागून.

आज ही सेवा साधारण तीन तऱ्हांनी मिळते. पहिली म्हणजे चार ते सहा जणांची पिढीजात गोंधळी मंडळी: नाईक, संबळवाला, तुणतुणेवाला, झांजवाला आणि दिवटी (मशाल) धरणारा. दुसरी आठ-दहा जणांची ‘जागरण-गोंधळ पार्टी’. तिच्यात वाघ्या-मुरळी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि स्वतःचा साऊंड असतो. तिसरा प्रकार मंगल कार्यालयातला तासाभराचा गोंधळ, जो जेवणाच्या पंगती आणि फोटो यांच्या फटीत बसवलेला असतो. तिन्हींचा निकाल पुढे येईलच, पण आधी एक घोळ मिटवून घेऊ. गोंधळ देवीचा, जागरण खंडोबाचं. गोंधळात संबळ, तुणतुणं, दिवटी आणि कवड्यांची माळ. जागरणात दिमडी (हातात धरायची छोटी डफली), घोळ (घंटा), भंडारा (हळद) आणि लंगर (लोखंडी साखळी). दोन्ही एकाच रात्री करायची रीत आता सर्रास झाली आहे आणि त्यात वावगं काही नाही. पण आपल्या कुळाचाराला नेमकं काय लागतं हे घरातल्या जाणत्याला विचारून मगच सुपारी द्यावी. नाहीतर घराण्याला हवा असतो देवीचा गोंधळ, पार्टी निघते वाघ्या-मुरळीची आणि आवाहन पाच ओळींत उरकून सगळे ‘येळकोट’वर येतात.

आता गाणं. त्याची बांधणी अगदी साधी आहे. प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी: ठिकाण, देवतेचं नाव आणि बोलावणं. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरगडची रेणुका, वणीची सप्तशृंगी. साडेतीन पीठं झाली की औंधची यमाई, मांढरदेवची काळूबाई, अंबाजोगाईची योगेश्वरी, कार्ल्याची एकवीरा. मग देव येतात: जेजुरीचा खंडोबा, वाडी रत्नागिरीचा जोतिबा, पंढरपूरचा विठोबा. त्यानंतर त्या घराचं कुलदैवत, मूळ गावचं ग्रामदैवत, वेशीवरचा म्हसोबा, शिवारातल्या आसरा (पाण्याच्या देवता) आणि काही घरांत वाडवडीलही. सगळ्यात शेवटी ‘राहिल्यासाहिल्या देवा, गोंधळाला ये’, म्हणजे कोणी रुसायला नको. शब्द पार्टीगणिक बदलतात. कोणी ‘गोंधळा यावे’ म्हणतं, कोणी ‘गोंधळा या हो’, कोणी मध्ये ‘गोंधळ मांडला’चं पालुपद घेतं. साचा मात्र तोच. घरच्या कार्याला आमंत्रणाची यादी वाचावी तसा हा प्रकार आहे आणि यादीत मानपानाचा क्रमही पाळलेला असतो.

या गाण्यात मागणं नाही, हे ऐकताना सहसा लक्षात येत नाही. मूल दे, धन दे, पीक दे असलं काही आवाहनात येत नाही. फक्त या, आम्ही मांडलं आहे, बसा. मागणं पुढे जोगव्यात, म्हणजे देवीच्या नावाने मागायच्या गाण्यात, येतं, नवस फेडण्याची गोष्ट आख्यानात येते. आधी पाहुणे घरात यावेत, मग बोलणं व्हावं, असा तो शिष्टाचार आहे. त्यामुळे आवाहन गाळून थेट जोगव्यावर येणारी पार्टी नुसता वेळ वाचवत नाही, क्रमच उलटा करते.

गाणं टिकलं त्याचं पहिलं कारण या मोकळ्या साच्यात आहे. त्याला ठरलेली कडवी नाहीत. ज्या घरी म्हटलं जाईल त्या घराची नावं त्यात बसतात आणि ती बसल्याशिवाय ते पुरं होत नाही. साताऱ्याच्या घरी यमाई आणि पालीचा खंडोबा पुढे येतो, नांदेडच्या घरी रेणुका पहिली येते. गाणाऱ्यांच्या परंपरेतही हा फरक आहे: गोंधळ्यांमध्ये रेणुराई आणि कदमराई अशा दोन शाखा सांगतात, पहिली माहूरच्या रेणुकेची, दुसरी तुळजाभवानीची. तुमच्या पार्टीचा नाईक कोणत्या शाखेचा आहे हे विचारलं तर पहिलं नाव कोणाचं येणार याचा अंदाज बांधता येतो. घराची कुलदेवी वेगळी असेल तर तसं आधी सांगता येतं.

दुसरं कारण झील. नाईकाची अर्धी ओळ प्रत्येक वेळी नवी, साथीदारांची अर्धी ओळ कायम तीच. दोन ओळी ऐकल्या की सभामंडपातलं कोणीही तिसऱ्या ओळीला साथ देऊ शकतं, त्याला पाठांतर लागत नाही. तिसरं कारण जरा अवघड आहे. मुंबई-पुण्यात तीन पिढ्या राहिलेल्या, गावाकडे घर किंवा जमीन न उरलेल्या कुटुंबात मूळ गावाचं नाव मोठ्याने, चारचौघांत, मानाने घेतलं जाण्याच्या वेळा फार उरलेल्या नाहीत. आवाहन ही त्यांपैकी एक आहे. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी या गाण्याची ओढ एवढ्यावरही समजते.

वयाचं म्हणाल, तर एकनाथांनी सोळाव्या शतकात जोगव्याचं रूप घेऊन भारूड रचलं, त्यात महिषासुराच्या जागी मोह घातला. ऐकणाऱ्यांना मूळ जोगवा, त्याची चाल, परडी हे सगळं आधीच पाठ असेल तरच असं रूपक पोचतं. म्हणजे देवीच्या या गाण्यांचा घराघरांतला वावर त्याही आधीचा धरायला हरकत नाही.

नुकसान झालं ते कॅसेटच्या काळात, असं आमचं मत. रेकॉर्डिंगला वेळेची मर्यादा, आणि कॅसेट विकायची सगळ्या महाराष्ट्रात, म्हणून यादीत फक्त मोठी क्षेत्रं उरली. पुढे नवशिक्या पार्ट्यांनी आवाहन घरच्या जाणत्याकडून न शिकता रेकॉर्डिंगवरून उचललं. आज अनेक ठिकाणी ऐकू येतं ते हेच: दहा-बारा मोठी नावं, मग लगेच ‘राहिल्यासाहिल्या देवा’. ही शेवटची ओळ खरं तर चुकून राहिलेल्यांसाठी आहे. मुद्दाम वगळलेल्यांची सोय लावायला ती वापरणं म्हणजे चलाखी.

यावर उपाय फुकटात होतो. कार्याच्या एक-दोन दिवस आधी नाईकाच्या हाती नावांचा कागद द्यायचा. मोठ्या अक्षरांत, ओळीला एकच नाव, आणि प्रत्येक नावाआधी ठिकाण. नुसतं ‘खंडोबा’ लिहून चालत नाही. जेजुरीचा, पालीचा की नळदुर्गचा? ‘यमाई’ औंधची की राशीनची? कुलदेवी, कुलदैवत, मूळ गावचं ग्रामदैवत, आत्ता राहतो तिथलं दैवत, शेतातले देव, आणि घरात चाल असेल तर पितर. नव्या सुनेच्या माहेरचं कुलदैवत घ्यायचं का, हे घरात आधी बोलून घ्यावं. ऐन गोंधळात त्यावर कुजबुज नको. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली यादी गाताना कामाची नसते. संबळ-तुणतुणं हातात असताना मोबाइलचा पडदा कोण सरकवणार? कागद चौकाच्या कडेला, दिवटीच्या उजेडात वाचता येईल असा ठेवावा.

वेळेचा हिशोब असा मांडता येतो. संथ लयीत एक ओळ झिलीसकट सहा-सात सेकंद घेते. प्रत्येक नाव दोनदा घ्यायची पद्धत धरली तर ४० नावांना आठ-नऊ मिनिटं लागतात. मध्ये संबळाचे तुकडे, ‘उदो उदो’चा गजर आणि लय चढवण्याची जागा धरून पंधरा मिनिटं. तीन-चार तासांच्या कार्यक्रमात एवढा वेळ जड नाही. त्याहून कमी वेळात जो ४० नावं म्हणतो तो म्हणत नाही, वाचून दाखवतो.

गाण्याआधी चौक. पाट किंवा चौरंग, त्यावर नवं कापड किंवा चोळीचा खण, त्यावर धान्याची रास, मध्ये पाण्याने भरलेला तांब्याचा कलश, विड्याची पानं, नारळ, समोर देवीचा टाक (धातूच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती) किंवा प्रतिमा आणि वर पाच उसांची खोपी. उसाचा हंगाम नसेल तिथे ज्वारीची ताटं बांधतात. सामान साधारण असं लागतं: गहू किंवा तांदूळ सव्वा किलो, नारळ पाच, ऊस पाच, विड्याची पानं पंचवीस, सुपाऱ्या, हळकुंडं, खारका, बदाम आणि खोबऱ्याच्या वाट्या प्रत्येकी पाच, खण एक, हळद पाव किलो, कुंकू, हार-फुलं, कापूर, उदबत्ती, दिवटीसाठी लिटरभर गोडंतेल आणि धुतलेलं सुती कापड. घराघराच्या चालीप्रमाणे यात फरक पडतो, म्हणून पार्टीकडून यादी लिहून घ्यावी आणि तिच्यावर सामान कोणी आणायचं ते नोंदवावं. ‘सामानासकट’ म्हणून ठरलेल्या गोंधळात हमखास राहतात ते ऊस आणि टाक. ऊस उंच असतात, दुचाकीवर येत नाहीत. टाक घरच्या देव्हाऱ्यातलेच लागतात.

उसांची खोपी कोसळण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: फरशीवर खाली आधार नसतो. मातीच्या अंगणात ऊस रोवले जायचे. फ्लॅटमध्ये किंवा कार्यालयात पाचही उसांचे बुंधे चौरंगाच्या पायांना सुतळीने बांधावेत आणि शेंडे वर एकत्र आवळावेत. उसाची उंची साडेचार-पाच फुटांवर छाटून घेतली तर पंख्यात अडकत नाही. भंडाऱ्यासाठी खरी हळद घ्यावी. ‘भंडारा’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त पिवळ्या पुडीत रंग असू शकतो. तो डोळ्यांत गेला तर चुरचुरतो आणि कपड्यांवरून निघत नाही. हळदीचा डाग धुऊन कडक उन्हात घातला की फिका पडत जातो.

वाद्यांकडे येऊ. संबळ म्हणजे दोन तोंडांची जोडी, एक खर्जाचं, एक उंच. ती कमरेला बांधतात आणि दोन काठ्यांनी वाजवतात. एका काठीचं टोक वळलेलं असतं. चांगल्या संबळात दोन्ही तोंडांचा आवाज स्पष्ट वेगळा येतो. खर्जाचं तोंड घुमलं पाहिजे, उंच तोंड टणटणलं पाहिजे. दोन्ही सारखीच थपथपायला लागली तर कातडं सैल पडलं आहे असं समजावं. पावसाळी हवा किंवा थंडीतली दवाची रात्र हे त्याचं मुख्य कारण. कातडं ओल धरतं आणि उतरतं. जाणता वाजवणारा मध्येच संबळ शेकोटीजवळ किंवा हॅलोजनच्या उबेत धरतो, दोऱ्या ताणतो, मग पुढे जातो. यजमानांनी अशा वेळी ‘थांबलात का?’ म्हणून घाई करू नये. काही पार्ट्या प्लास्टिकच्या पडद्याचं संबळ आणतात. ते हवेने उतरत नाही हे खरं, पण त्याचा आवाज पत्र्यासारखा येतो आणि आवाहनाच्या संथ भागात खर्ज मिळतच नाही.

तुणतुणं दिसायला खेळणं, काम मात्र मोलाचं. लाकडी किंवा धातूचं पोकळ नळकांडं, तळाला कातडं, त्यातून निघालेली एकच तार, बाजूच्या काठीवर खुंटी. काखेत धरून तार छेडली की सूरही मिळतो आणि लयही. दंतकथेप्रमाणे हे वाद्य परशुरामाचं. बेटासुराला मारून त्याच्या शिरापासून ते केलं आणि आईपुढे, म्हणजे रेणुकेपुढे, वाजवलं. व्यवहारात बघायचं ते खुंटी घसरते का. लाकूड सुकलं की खुंटी धरत नाही आणि सूर दर दहा मिनिटांनी खाली येतो. खुंटीला खडू किंवा राळ लावली की धरते. तार गंजलेली असेल तर आवाज खरखरीत येतो आणि ऐन रंगात ती तुटते, म्हणून जवळ जादा तार आहे का ते विचारावं. कीबोर्डवाल्या पार्टीत तुणतुणं बहुधा हातात असतं, ऐकू येत नाही. कीबोर्डचा सूर ठरलेला, तुणतुण्याचा सरकता. दोन्ही माइकवर घेतले की बेसूर होतं, मग तुणतुण्याचा माइक बंद केला जातो. आवाहनापुरता कीबोर्ड बंद ठेवायला सांगा. बहुतेक नाईक खुशीने मान्य करतात, कारण त्यांनाही आपल्या पट्टीत गायचं असतं. ही पट्टी उंच असते, पुरुषांचा आवाज बऱ्याचदा काळी चारच्या आसपास लागतो. कीबोर्डवर ठरलेल्या सोयीच्या पट्टीत तोच गळा निम्म्या ताकदीचा वाटतो.

साऊंडच्या बाबतीत एक गोष्ट कोणतीच पार्टी आपण होऊन सांगत नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर हा निर्बंध नुसत्या लाउडस्पीकरपुरता राहिलेला नाही, वाद्यंही त्यात येतात. म्हणजे माइक बंद करून सोसायटीच्या अंगणात संबळ चालू ठेवला तरी सुटका नाही. बंदिस्त सभागृहाला सवलत आहे, पण ती आतल्या आत ऐकण्यापुरती. राज्य सरकार ठरावीक सणांना वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत मुभा देऊ शकतं. खासगी कार्याच्या तारखेला ती लागू असेल असं धरून चालू नये. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे आणि घुमणारा संबळ ती सहज ओलांडतो. म्हणून शहरात गोंधळ संध्याकाळी ६ ला सुरू करावा. सव्वासहापर्यंत गण, साडेसहापर्यंत आवाहन, मग जोगवा, सातला आख्यान आणि पावणेदहाला आरती. पार्टीला ६ ची वेळ दिली तर चौक मांडायला त्यांनी ४ ला पोचायला हवं, हेही सुपारीतच ठरवावं. उशिरा आलेली पार्टी आवाहनच आधी कापते.

माइक किती? खोलीत किंवा छोट्या सभागृहात दोन पुरतात, एक नाईकाला, एक झील धरणाऱ्यांना. संबळाला माइक लावायची गरज नसते. लावला तर गायकाचे शब्द बुडतात आणि आवाहनात शब्दच तर ऐकायचे असतात. प्रतिध्वनीचं बटण साऊंडवाल्यांना फार प्रिय असतं. ‘कोल्हापूरची’ म्हणेस्तोवर मागचं ‘तुळजापूर’ घुमत राहतं. ते शून्यावर आणायला सांगावं.

दिवटी आणि पोत (तेलात भिजवून पेटवायचा कापडाचा पीळ) हा देखणा भाग, पण धोक्याचाही. पोत सुती कापडाच्याच पिळाचा हवा. साडीचा किंवा ओढणीचा कृत्रिम धागा वितळतो आणि पेटते थेंब खाली पडतात. तेल खाण्याचं वापरावं, रॉकेल नको. त्याचा भडका मोठा आणि धूर घशाला लागणारा. कार्यालयाच्या छतात धुराचे सेन्सर किंवा पाण्याचे फवारे असतील तर व्यवस्थापकाची परवानगी आधी घ्यावी. काही ठिकाणी उघडी ज्योत चालतच नाही, मग दिवटी दारात पेटवून ओवाळण्यापुरती आत आणतात. जवळ वाळूची बादली असावी. मांडवाच्या कापडी झालरी दिवटी फिरवण्याच्या जागेपासून किमान सहा-सात फूट लांब ठेवाव्यात.

उत्तररंगातलं, म्हणजे कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागातलं, आख्यान हा पार्टीच्या तयारीचा दुसरा कस. नाईक कथा लावतो आणि एक साथीदार खोड्या काढत, प्रश्न विचारत ती पुढे ढकलतो. रेणुका-परशुराम, हरिश्चंद्र, चिलयाबाळ, जांभूळ आख्यान ही नेहमीची. लोकशाहीर विठ्ठल उमपांनी जांभूळ आख्यान रंगभूमीवर नेऊन शहरी प्रेक्षकांपर्यंत पोचवलं, तेव्हापासून त्याची फर्माईश वाढली. पण ते सगळ्या पार्ट्यांना पेलत नाही. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी आलेला विचार, तोडलेलं जांभूळ परत झाडाला लागावं म्हणून एकेकाला सांगावं लागलेलं खरं, हे हसवत हसवत अवघड जागी नेणारं आख्यान आहे. साथीदार कच्चा असला तर त्याचा नुसता पाचकळपणा होतो. तासाभरापेक्षा कमी वेळ असेल तर ते मागूच नये, रेणुकेची कथा घ्यावी. ती आवाहनाशी जुळते आणि आटोपशीर होते. कोणतं आख्यान लावणार हे आधी न सांगणाऱ्या पार्टीचं बहुधा एकच बसलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, आपल्याला माहीत असलं की झालं.

पैशाच्या बाबतीत तक्रारी बिदागीवरून कमी होतात, ओवाळणीवरून जास्त. आरतीच्या ताटात ११, २१, ५१ टाकणं ही जुनी रीत आहे, कलाकारांच्या हक्काची आहे आणि ती मोडू नये. पण कथा रंगात आली असताना प्रत्येक नोटेचं नाव माइकवरून पुकारायला लागले की आख्यानाचा धागा तुटतो, पाहुण्यांनाही कानकोंडं होतं. ताट दोनदाच फिरेल, जोगव्याच्या वेळी आणि शेवटच्या आरतीला, असं सुपारी देतानाच बोलून घ्यावं. त्या बदल्यात बिदागी थोडी वाढवून द्यायची तयारी ठेवली तर नाईक मनापासून ऐकतो. दर हंगाम, अंतर आणि माणसांच्या संख्येवर ठरतो. लग्नसराईत, आणि देवीच्या वारी म्हणजे मंगळवार-शुक्रवारी, तो चढा असतो. मधल्या वारी घरच्यांची हरकत नसेल तर तीच पार्टी कमी पैशांत आणि जास्त फुरसतीने मिळते.

आता तिन्ही प्रकारांचा निकाल. पिढीजात चार-सहा जणांची मंडळी आवाहनात सरस, आख्यानात बहुतेक चांगली, झगमगाटात कमी. कुळाचार नीट व्हावा ही इच्छा असेल आणि पाहुणे शंभराच्या आत असतील तर दुसरीकडे बघायची गरज नाही. त्यांची उणीव म्हणजे वेळेचा हिशोब सैल असतो. घरच्या एकाने घड्याळाकडे लक्ष ठेवावं. मोठी जागरण-गोंधळ पार्टी खुल्या मैदानात, गावाकडे, चारपाचशे माणसांपुढे शोभते. वाघ्या-मुरळीचा भाग, लंगर तोडणं, तळी उचलणं हे त्यांचं बलस्थान. देवीच्या भागात त्या ढिल्या पडतात आणि मध्ये सिनेमातली गोंधळगीतं घुसतात. ती गाणी ऐकायला झकास आहेत, पण त्यांची यादी ठरलेली, त्यात तुमच्या घराचं नाव येत नाही. अशी पार्टी घ्यायची असेल तर पहिला तास फक्त संबळ-तुणतुण्यावर, सिनेमाची गाणी आरतीनंतर, ही अट घालावी. तासाभराच्या कार्यालयीन गोंधळाला मात्र आमच्याकडून फार गुण नाहीत. चौक आधीच मांडून ठेवलेला, ऊस प्लास्टिकचे, आवाहन तीन मिनिटांचं, आख्यान नाही, आणि फोटोवाला नवरा-नवरीला दिवटी तीनदा धरायला लावतो. वेळ खरोखरच तासाचा असेल तर आख्यान सोडावं, पण आवाहन पुरं घ्यावं, मग जोगवा आणि आरती. एवढं केलं तरी विधी अंगभर होतो.

सुपारी देण्याआधी पार्टीला फोनवर एकच विनंती करावी: मागच्या एखाद्या कार्यातलं आवाहन, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न कापलेलं पाठवा. पाठवता आलं तर ऐकताना ठिकाणांची नावं मोजावीत. दहा-बाराच्या आत असतील आणि त्यात त्या यजमानांच्या गावचं एकही नसेल तर पार्टी कॅसेटवरची आहे. वीसच्या पुढे असतील, मध्येच एखादं कधी न ऐकलेलं गाव येत असेल आणि तिथे झील जरा अडखळत असेल, तर बेधडक सुपारी द्यावी. नवं नाव पहिल्यांदाच घेणाऱ्या साथीदारांची झील तशी अडखळतेच.

लिहून घ्यायच्या गोष्टी थोड्या आहेत: माणसं किती, पोचायची आणि सुरू करायची वेळ, आख्यान कोणतं, सामान कोणाचं, गाडीचं भाडं बिदागीत की वेगळं, ताट किती वेळा, साऊंड कोणाचा, जेवण कधी. गायक मंडळी बहुतेक कार्यक्रमाआधी पोटभर जेवत नाहीत. आधी चहा आणि हलकं काहीतरी, जेवण आरतीनंतर ठेवावं आणि उशिरापर्यंत गरम मिळेल असं बघावं. आगाऊ रक्कम दिल्याची चिठ्ठी किंवा मेसेज जपावा. उरलेली रक्कम आरती होऊन चौक हलवल्यावर द्यावी. ज्या देवांना बोलावलं त्यांना निरोप देण्याची ओळ नाईकाने म्हटली की नाही तेही तेव्हाच बघावं, कारण गाडी दारात लागली की पहिली तीच गळते.